गोळीबंद

संक्रांतीला आठवडा उरला होता आणि मंडळाच्या हळदीकुंकवासाठी तिळाचे दोनशे लाडू माझ्या वाट्याला आले होते. वाट्याला आले म्हणजे मीटिंगमध्ये मीच बोलून बसले होते, "करते की मी, त्यात काय!" त्यात काय, हे तिसऱ्या घाण्याला कळतं. कढईत चिक्कीचा गूळ विरघळत होता, आई उंच स्टुलावर बसून भाजलेल्या दाण्यांची सालं काढत होती, आणि ओट्यापाशी उभं राहिलं की सरळ समोर दिसणाऱ्या टीव्हीवर ग्रीन बेचं लँबो फील्ड दिव्यांनी झगझगत होतं. खेळाडूंच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

तारीख 8 जानेवारी 2023, रविवार, रात्रीचे साडेआठ. अमेरिकन फुटबॉल, डेट्रॉइट लायन्स विरुद्ध ग्रीन बे पॅकर्स. मोसमातला शेवटचा साखळी सामना.

"पाक बघ," आई म्हणाली. "टीव्ही पळून जात नाही, पाक पळतो."

पाक बघायची तिची रीत म्हणजे वाटीत गार पाणी घ्यायचं आणि त्यात पाकाचा थेंब सोडायचा. पसरला तर कच्चा. मऊ गोळी झाली तरी थांबायचं. गोळी कडक होऊन ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजली, की त्या क्षणी गॅस बंद. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर लाडवांचे दगड होतात, आणि घाईनं उतरवला तर लाडू बसतात, डब्यात एकमेकांना मिठ्या मारून. नुसतं कढईकडे टक लावून काही कळत नाही. कच्चा पाकही तसाच फेसाळतो, तसाच खमंग वास सोडतो. माझ्यासारखीला तर दर वेळी वाटतं, झाला.

लायन्सचंही गेले दोन महिने मला असंच वाटत होतं. ऑक्टोबर संपला तेव्हा ते सातातले सहा सामने हरलेले होते. मग काय झालं कोण जाणे, पुढच्या नवातले सात जिंकले. 1-6 वरून 8-8. डेट्रॉइटमध्ये फेस चांगलाच वर आला होता. ऑफिसात, किराणा दुकानात, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा एकच चर्चा: या वेळी हे खरंच सुधारलेत का? आणि सुधारले असतील, तर पॅकर्सना त्यांच्या घरी जाऊन हरवण्याइतके?

दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आम्ही चिंचवडहून इकडे आलो ते 1999 च्या ऑगस्टमध्ये. गाड्यांच्या धंद्यातली पुण्याची माणसं डेट्रॉइटला येतात यात नवल काही नाही. नोव्हाय, ट्रॉय, कँटन या उपनगरांत रविवारी चक्कर मारली तर निम्म्या गॅरेजांसमोर कुणीतरी पिंपरी-भोसरीच्या आठवणी काढत उभं असतं. नवऱ्याची नोकरी होती, मी दोन वर्षं घरी बसले, मग एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला लागले. तिथं एक टूलमेकर होता. तेव्हाच साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा. मनातल्या मनात मी त्याला आजोबा म्हणायची. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं, "तू इथं आलीस कधी?" ऑगस्ट 99 म्हटल्यावर मान हलवली. "म्हणजे तू आलीस आणि बॅरी गेला."

बॅरी म्हणजे लायन्सचा बॅरी सँडर्स. दहा मोसमांत 15,269 यार्ड धावलेला हा माणूस 1999 च्या जुलैअखेर आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्त झाला होता. अंगात खेळ शिल्लक असताना, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आजोबा हे असं सांगायचा, जणू घरातलं कुणी भांडून निघून गेलंय.

खेळ त्यानंच शिकवला. दुपारच्या सुट्टीत नॅपकिनवर नकाशे काढून. मला तो कबड्डीवरून कळला, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. समोरासमोर दोन फळ्या, मध्ये रेघ, प्रत्येक झटापटीनंतर थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा भिडायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलात तर पुढचे चार प्रयत्न मिळतात. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्याला शहाणी माणसं चेंडू लाथेनं लांब उडवून देतात, किंवा टप्प्यात असेल तर किक मारून टोकाच्या खांबांमधून घालवतात आणि तीन गुण घेतात. हा चौथा प्रयत्न लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बत्तीस संघ, आठ गट, गटात चार-चार. गटातल्या प्रत्येकाशी वर्षातून दोनदा गाठ, एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या. लायन्सच्या गटात शिकागो, मिनेसोटा आणि मिशिगन सरोवराच्या पलीकडच्या काठाचं, विस्कॉन्सिन राज्यातलं ग्रीन बे. लाखभर वस्तीचं गाव आणि संघ गावकऱ्यांच्याच मालकीचा, भागधारक म्हणून. डेट्रॉइटचा संघ मात्र 1963 पासून फोर्ड घराण्याचा. शेवटचं अजिंक्यपद 1957 चं. त्यानंतरच्या सहा दशकांत बाद फेरीतला एकच विजय, तोही 1992 च्या जानेवारीतला.

आणि विस्कॉन्सिनमध्ये जाऊन पॅकर्सना हरवणं? 1991 नंतर ते थेट 2015 च्या नोव्हेंबरात जमलं. मधले सलग 24 सामने हरले. त्या चोवीसांतल्या एकात, 1994 च्या शेवटच्या दिवशी, तेरा वेळा चेंडू हातात घेऊन बॅरी सँडर्सचे एकूण यार्ड झाले उणे एक. उणे! आजोबा हा आकडा सांगताना बोट वर करायचा.

इतकी वर्षं हरलं की हरण्याला नाव पडतं. इथं म्हणतात, 'सेम ओल्ड लायन्स'. आपल्याकडे 'ये रे माझ्या मागल्या' म्हणतात तसं, पण त्याहून जरा मायेनं.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. जत्रेला कबड्डीचे सामने व्हायचे आणि आमचं गाव दर वर्षी शेजारच्या गावाकडून हरायचं. लांबून आलेल्या नामांकित संघाकडून हरलं तर कुणाला काही वाटायचं नाही. उलट काय खेळली पोरं, म्हणून कौतुक व्हायचं. पण शेजारच्या गावात आमची आत्या दिलेली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ती माहेरी यायची आणि पोळ्या लाटता लाटता विचारायची, "काय म्हणतोय तुमचा संघ?" 'तुमचा'. लग्नाआधी तोच तिचा होता. वडील ताटावरून उठायचे नाहीत, पण घास अडकायचा. शेजाऱ्याला हरवायचं असतं ते गुणांसाठी नाही, हे मला फुटबॉल कळायच्या आधीच ठाऊक होतं.

त्यामुळे 15 नोव्हेंबर 2015 ला लायन्स लँबोवर 18-16 असे जिंकले तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. आजोबानं पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाला, "त्यांचा शेवटचा किक चुकला म्हणून जिंकलो. 52 यार्डांचा होता. लागला असता तर?"

मला राग आला. चोवीस वर्षांनी जिंकलेत, जरा हसा की!

अठरा दिवसांनी, 3 डिसेंबरला, तोच पॅकर्स डेट्रॉइटला आला. लायन्स 20-0 नं पुढं होते. मग 20-7, 20-14 असं करत करत शेवटच्या सेकंदाला धावफलक 23-21. घड्याळ शून्यावर. पॅकर्सचा शेवटचा प्रयत्न जमिनीवर आडवा. लेक दहा वर्षांची होती, ती सोफ्यावर उड्या मारायला लागली. मी म्हटलं, जिंकलो, चल झोपायला. तेवढ्यात मैदानावर एक पिवळा रुमाल पडलेला दिसला. लायन्सच्या खेळाडूनं पॅकर्सचा चेंडू फेकणारा ॲरन रॉजर्स याच्या हेल्मेटची जाळी धरली, असं पंचांचं म्हणणं. रिप्लेमध्ये अंगठा घासून गेल्यासारखा दिसत होता, फार तर. पण दंड झाला, आणि बचाव करणाऱ्या संघाच्या अशा दंडावर सामना संपत नाही. घड्याळ संपलं तरी एक प्रयत्न उरतो. रॉजर्स मागं पळाला, उजवीकडे सरकला आणि त्यानं चेंडू असा उंच फेकला की तो छताला लागतो की काय असं वाटलं. 61 यार्ड. खाली लायन्सचा घोळका आणि त्यांच्या पुढ्यात पॅकर्सचा रिचर्ड रॉजर्स, बसस्टॉपवर उभं राहावं तसा. त्यानं तो अलगद झेलला. 27-23.

लेकीनं विचारलं, "आई, आपण जिंकलो होतो ना?"

दुसऱ्या दिवशी आजोबा पेढ्यांबद्दल एक अक्षर बोलला नाही. हे त्याचं मोठेपण.

माझा धंदा क्वालिटीचा. रोजचं काम हेच, की एखाद्या लाइनवर रिजेक्शन वाढलं, कारण शोधलं, दुरुस्ती केली, तर ती खरोखर लागू पडली का ते सिद्ध करायचं. दुरुस्तीनंतर पहिला पीस चांगला निघाला की सुपरवायझर फोटो काढून पाठवतो, खाली अंगठा. मी त्याला विचारते, पुढचे किती चांगले निघाले? एका पिसानं काही सिद्ध होत नाही. निदान तीस पीस ओळीनं काढा, मापं घ्या, चार्टवर मांडा. मग बोलू. बिघडलेली प्रोसेससुद्धा अधूनमधून चांगला पीस देते. तिला कुणी सांगितलेलं नसतं की ती बिघडलीय.

18-16 हा तसला पीस होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पण इथंच गंमत आहे. पॅकर्सशी गाठ वर्षातून दोनदा. तीस पिसांचा नमुना घ्यायचा तर पंधरा वर्षं लागतील, आणि तोवर त्यातला एकही खेळाडू उरायचा नाही. म्हणजे गटातल्या वैऱ्याला हरवण्याइतके आपण सुधारलोय का, हा प्रश्न आकड्यांनी सुटतच नाही. अशा वेळी आम्ही काय करतो? पीस मोजणं सोडतो आणि मशीनपाशी जाऊन उभं राहतो. आवाज ऐकतो, ऑपरेटरचा हात बघतो.

2021 मध्ये लायन्सचं मशीन पार उघडून टाकलं गेलं. ब्रॅड होम्स हा नवा जनरल मॅनेजर आला, डॅन कॅम्पबेल हा नवा प्रशिक्षक. कॅम्पबेल पहिल्याच पत्रकार परिषदेत म्हणाला, आम्हाला पाडलंत तर उठता उठता तुमच्या गुडघ्याची वाटी चावून काढू. देशभर हसू झालं. बारा वर्षं इमानानं चेंडू फेकणारा मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिसला गेला, आणि बदल्यात त्यांना नको झालेला जॅरेड गॉफ इकडे आला, सोबत पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडायचे हक्क. स्टॅफर्ड तिकडे पहिल्याच वर्षी अजिंक्यपद जिंकला. लायन्सना पहिला विजय मिळायला डिसेंबर उजाडला. तोवर दहा पराभव, एक बरोबरी. त्यातला एक पराभव बाल्टिमोरच्या जस्टिन टकरच्या 66 यार्डांच्या किकनं, जो आडव्या दांडीवर आपटून पलीकडे पडला. लीगच्या इतिहासात तोवर इतका लांबचा किक कुणी मारलाच नव्हता. तो नेमका डेट्रॉइटमध्येच लागायचा होता.

आजोबा तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. महिन्यातून एकदा आम्ही एका डायनरमध्ये भेटायचो, तो पॅनकेक खायचा, मी कॉफी. मी म्हटलं, काही खरं नाही यांचं. तर हा म्हणाला, "हरताना काय करतात ते बघ. पूर्वी हरायला लागले की एकमेकांकडे बघायचे. हे बघत नाहीत."

पुरावा म्हणून हे फारच पातळ होतं. पण मी बघायला लागले.

आणि दिसायला लागलं. पुढच्या फळीतले पाच जण, ज्यांच्याकडे टीव्हीचा कॅमेराही वळत नाही, ते एकत्र हलायला लागले होते. पेनेई सेवेल हा धिप्पाड पोरगा 2021 चा, वयानं विशीतला. चेंडू झेलणारा अमॉन-रा सेंट ब्राउन नव्या खेळाडूंच्या निवडीत थेट चौथ्या फेरीत घेतला गेला. त्याच्याआधी ज्या सोळा झेलणाऱ्यांना इतर संघांनी घेतलं, त्या सोळाही जणांची नावं तो क्रमानं म्हणून दाखवतो. आपल्याकडे स्तोत्रं म्हणतात तशी. एडन हचिन्सन तर इथलाच, आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या प्लिमथचा. आणि गॉफ, ज्याला लोक टाकाऊ माल म्हणत होते, त्याचा 2022 च्या शेवटच्या नऊ सामन्यांत एकही पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडला नाही. माझ्या कामात मी असल्या आकड्यावर विश्वास ठेवते. जिंकणं-हरणं किकच्या लहरीवर जातं. चेंडू न घालवणं ही सवय असते.

तर ती रात्र. सामना सुरू व्हायच्या जेमतेम थोडा वेळ आधी सिॲटल जिंकलं, आणि त्याबरोबर लायन्सची बाद फेरीची वाट बंद झाली. पॅकर्सना मात्र जिंकलं की प्रवेश. म्हणजे एका संघापुढं सगळं काही आणि दुसऱ्यापुढं शून्य. मी मनात म्हटलं, संपलं. इथून पुढं हे 'सेम ओल्ड' होणार. फ्लाइट पकडायची घाई असल्यासारखे खेळणार.

"काहीच मिळणार नसेल तर खेळतात कशाला मग?" आईनं विचारलं.

"बघू ना."

मध्यंतराला पॅकर्स 9-6. मग लायन्स 13-9. मग पॅकर्स 16-13. मी दोन घाणे वळले. लाडू गरम असतानाच वळावे लागतात, तळव्याला तूप लावून, आणि प्रत्येक लाडवाला हात पोळतो. दोनशे म्हणजे दोनशे वेळा. लेक ट्रे पुढं सरकवत होती. जमाल विल्यम्स, जो आधी चार वर्षं पॅकर्सकडेच खेळला होता आणि ज्याला त्यांनी जाऊ दिलं होतं, त्यानं एका यार्डावरून शेवटच्या रेघेपलीकडे मुसंडी मारली. 20-16. मोसमातली त्याची ती सतरावी. बॅरी सँडर्सचा सोळांचा संघविक्रम त्यानं त्याच रात्री, त्याच मैदानावर मोडला, जिथं बॅरीचे उणे एक झाले होते.

सहा मिनिटं उरली होती आणि चेंडू रॉजर्सकडे. आजवर असं किती वेळा झालं होतं! आईसुद्धा सालं काढायची थांबली. रॉजर्सनं लांब फेकला आणि लायन्सच्या कर्बी जोसेफनं तो हवेतच काढून घेतला. पहिल्याच वर्षाचा पोरगा, आणि त्या मोसमात दोन सामन्यांत मिळून त्यानं रॉजर्सचे तीन पास पकडले.

साडेतीन मिनिटं होती. इथं जुने लायन्स चेंडू पाडायचे, दंड ओढवून घ्यायचे, घाबरून लाथाडून द्यायचे. यांनी तो दिलाच नाही. एकेक प्रयत्न, एकेक यार्ड, घड्याळ खात खात. रॉजर्स बाजूला टोपी घालून उभा होता, आणि त्याला चेंडू परत मिळाला नाही. पॅकर्ससाठी तो पुन्हा कधीच खेळला नाही.

फोन वाजला. आजोबा. वीस वर्षांत त्यानं मला रात्री कधी फोन केला नव्हता.

"नीट बघितलंस का?" तो म्हणाला. "कुठं रुमाल तर पडलेला नाही ना?"

"नाही."

"पुन्हा बघ."

मी टीव्हीजवळ जाऊन पुन्हा बघितलं. कोपऱ्यापर्यंत. नव्हता.

मागं आई ओरडली. चौथ्या घाण्याचा पाक मी गॅसवर विसरले होते. त्याचे लाडू झालेच नाहीत, एक सलग काळपट लादी झाली, तीळ आत अडकलेले. ती आम्ही पुढं महिनाभर हातोडीनं फोडून खाल्ली. आई म्हणाली, "तुझे सिंह पास झाले, तू नापास."

त्या रात्रीनंतर मला कुणी विचारलं असतं तर मी शिक्का मारून दिला असता. आणि पुढची दोन वर्षं तो शिक्का खरा ठरत गेला. 2023 च्या सप्टेंबरात पुन्हा लँबोवर 34-20. मग 1993 नंतरचं पहिलं गटविजेतेपद. 14 जानेवारी 2024 ला, भोगीच्या रात्री, स्टॅफर्ड लॉस एंजेलिसचा संघ घेऊन डेट्रॉइटला आला आणि 24-23 नं हरून गेला. बत्तीस वर्षांनी बाद फेरीतला विजय. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध पुढं काय झालं ते मला इथं लिहायचं नाही. मध्यंतराला 24-7 नं पुढं होते, एवढंच सांगते.

त्याऐवजी 5 डिसेंबर 2024 ची एक चाल सांगते. पॅकर्स डेट्रॉइटमध्ये, 31-31, 43 सेकंद शिल्लक. लायन्स पॅकर्सच्या 21 यार्डांवर, चौथा प्रयत्न, एक यार्ड हवा. शहाणा माणूस इथं किक मारतो, तीन गुण घेतो आणि उरलेल्या सेकंदांत देवाचं नाव घेतो. कॅम्पबेल किक मारत नाही. गॉफ चेंडू घेऊन वळला आणि आपल्याच सहकाऱ्याच्या पायाला अडखळला. तो पडत होता. पडता पडता, जमीन लागायच्या आत, त्यानं चेंडू डेव्हिड मॉन्टगोमरीच्या पोटाशी दिला. मॉन्टगोमरी सात यार्ड घुसला. मग घड्याळ उतरवून शेवटच्या क्षणी किक, 34-31, आणि पॅकर्सना उत्तर द्यायला एक सेकंदही नाही.

मी ती चाल किती वेळा पाहिली असेल! दर वेळी गॉफचा हात बघते. अडखळल्यावर माणूस हात जमिनीकडे नेतो, ते शरीराचंच काम आहे. याचा हात मॉन्टगोमरीकडे गेला. सरावानं एखादी गोष्ट किती खोल जाते, हे मला इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठं दिसलेलं नाही. पस्तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाच्या हातात दिसतं कधीकधी.

आता इथं लेख संपवला असता तर बरं दिसलं असतं. पण आमच्या धंद्यात 'फोर एम चेंज' नावाची एक कटकट असते. माणूस, मशीन, माल, पद्धत, यातलं काहीही बदललं की आधीची मान्यता गेली. सगळं पहिल्यापासून सिद्ध करा. 2025 च्या जानेवारीत लायन्सच्या चढाईचा शिल्पकार बेन जॉन्सन शिकागोला गेला, म्हणजे गटातल्याच दुसऱ्या वैऱ्याकडे. बचावाचा ॲरन ग्लेन न्यूयॉर्कला गेला. जूनमध्ये फळीच्या मधोमध उभा राहणारा फ्रँक रॅगनाऊ निवृत्त झाला. आणि पॅकर्सनी ऑगस्टअखेर डॅलसहून बचावातल्या माइका पार्सन्सला आणलं. एक माप आपल्याकडे ढिलं झालं, तिकडे गेज घट्ट झाला. 7 सप्टेंबरला लँबोवर 27-13. लायन्स हरले, आणि नीट हरले.

हे मला इतकी वर्षं का सुचलं नाही? आपण सुधारलो का, हे आपण दर वेळी असं विचारतो जणू समोरचा संघ दगडी आहे. गावच्या कबड्डीतही तसंच. आमची पोरं पहाटे नदीच्या वाळूत धावायची, आम्हाला वाटायचं या वर्षी नक्की. पलीकडच्या काठावरही वाळू होती.

थँक्सगिव्हिंगला लायन्सचा सामना असतो, 1934 पासूनची रीत आहे. 27 नोव्हेंबर 2025 ला समोर पुन्हा पॅकर्स. आमच्याकडे दुपारी मसालेभात, बटाट्याची भाजी, आणि लेक घरी आलेली. ती आता मॅडिसनला शिकते. विस्कॉन्सिन. तिसरं वर्ष. दारातून आली तेव्हा डोक्यावर हिरवी टोपी होती, पिवळ्या 'जी'ची. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी भाताकडे.

"थंडी असते गं तिकडे," ती म्हणाली. "हीच मिळाली."

शेवटची दोन-तीन मिनिटं. पॅकर्स 31-24 नं पुढं, चेंडू त्यांच्याकडे, चौथा प्रयत्न, तीन यार्ड हवेत. लाथाडून द्यायची वेळ. आणि ते लाथाडत नव्हते. जॉर्डन लव मागं सरकला, फेकला, पलीकडे झेलला गेला. संपलं. आमचीच चाल, आमच्याच घरात, आमच्यावर.

आजोबा आता ऐंशीच्या पुढं. फोनवर बोलत नाही फारसा, ऐकू कमी येतं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, दोनच शब्दांचा: "ते शिकले."

रात्री साडेनऊला, तिकडे भारतात सकाळचे आठ, आईचा व्हिडिओ कॉल आला. मागं तुळशीपाशी पाणी घालतानाचा आवाज. नातीला बघून खूश झाली, वाळलीस म्हणाली, काय जेवलीस विचारलं. मग तिला एकदम आठवलं.

"आणि मॅच होती ना आज? कोण जिंकलं?"

लेकीनं माझ्याकडे चोरून बघितलं. टोपी मघाच काढून ठेवली होती तिनं.

"आमचे जिंकले, आज्जी."

"अगं बाई," आई म्हणाली. "आमचे म्हणजे कुणाचे?"